प्रोग्रामेबल थर्मोस्टॅट: निवड, जोडणी आणि रोजचा वापर – वारंवार विचारले जाणारे प्रश्न

प्रोग्रामेबल थर्मोस्टॅट साध्या थर्मोस्टॅटपेक्षा वेगळे काय करतो?

साधा थर्मोस्टॅट एकच आकडा ओळखतो. खोलीचे तापमान त्याच्या खाली गेले की हीटर चालू करतो, वर गेले की बंद करतो. प्रोग्रामेबल थर्मोस्टॅट याला घड्याळाची जोड देतो. सकाळी उठण्याची वेळ, घर रिकामे होण्याची वेळ, परत येण्याची वेळ आणि झोपण्याची वेळ, अशा चार टप्प्यांसाठी चार वेगळी तापमाने ठरवता येतात. बचत होते ती याच जोरावर. घरात कोणी नसताना किंवा सगळे पांघरुणात असताना यंत्रणा कमी वेळ चालते. थर्मोस्टॅट बदलल्याने हीटर किंवा एसी अधिक कार्यक्षम होत नाही.

बचत खरोखर किती होते?

अमेरिकेच्या ऊर्जा विभागाचा ठोकताळा असा: रोज 8 तास तापमान नेहमीच्या पातळीपेक्षा सुमारे 4 ते 5.5 अंश सेल्सिअसने सोडून दिले, म्हणजे थंडीत कमी आणि उन्हाळ्यात जास्त ठेवले, तर घर गरम-थंड करण्याचा वार्षिक खर्च 10 टक्क्यांपर्यंत कमी होऊ शकतो. ही टक्केवारी फक्त गरम-थंड करण्याच्या खर्चाची आहे, संपूर्ण वीजबिलाची नाही. तुम्ही आधीपासून रोज झोपताना हाताने तापमान कमी करत असाल, तर नवीन उपकरणातून फारसे काही हाती लागणार नाही.

एक गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे. अमेरिकेच्या एनर्जी स्टार कार्यक्रमाने प्रोग्रामेबल थर्मोस्टॅटना दिले जाणारे मानांकन 2009 च्या अखेरीस थांबवले. उपकरणे सदोष होती म्हणून नव्हे, तर प्रत्यक्ष घरांमध्ये अपेक्षित बचत होत असल्याचे दिसेना म्हणून. लोक वेळापत्रक भरत नाहीत, किंवा भरले तरी एकदा ‘होल्ड’ (वेळापत्रक बाजूला सारून एकच तापमान धरून ठेवणारे बटण) दाबून ठेवतात आणि मग ते उपकरण साध्या थर्मोस्टॅटसारखेच चालते. या पानावर वेळापत्रकाला एवढी जागा दिली आहे ती त्यामुळेच.

थंड झालेले घर पुन्हा तापवायला जास्त ऊर्जा लागत नाही का?

नाही. हा गैरसमज फार घट्ट बसलेला आहे. घरातून बाहेर जाणारी उष्णता आतल्या आणि बाहेरच्या तापमानातील फरकाच्या प्रमाणात असते. बाहेर 5 अंश आणि आत 20 अंश असेल तर फरक 15 चा. आत 16 अंश ठेवले तर फरक 11 चा, म्हणजे त्या वेळेत उष्णता सुमारे 27 टक्के कमी वेगाने बाहेर जाते. पुन्हा 20 वर आणताना भिंती आणि सामान तापवण्यासाठी जी उष्णता लागते, तेवढीच घर थंड होत असताना हीटर न चालल्यामुळे आधी वाचलेली असते. शिल्लक राहते ती मधल्या तासांची बचत, आणि ती निव्वळ फायद्याची. याला महत्त्वाचा अपवाद हीट पंपाचा (बाहेरची उष्णता घरात ओढून आणणाऱ्या, एसीसारख्या यंत्रणेचा) आहे, त्याबद्दल पुढे स्वतंत्र प्रश्न आहे.

लवकर तापावे म्हणून 20 ऐवजी 28 लावले तर?

वेग तोच राहतो. बहुतेक यंत्रणांसाठी थर्मोस्टॅट हा पंख्याचा रेग्युलेटर नसून दिव्याचे बटण आहे. हीटर एकाच ताकदीने चालतो, फक्त 20 वर थांबण्याऐवजी 28 पर्यंत चालत राहतो. दोन टप्प्यांच्या, म्हणजे कमी आणि जास्त अशा दोन ताकदींवर चालणाऱ्या यंत्रणेत मोठा फरक दिसला की दुसरा टप्पा लवकर सुरू होतो खरा, पण तोच महागडा असतो.

माझ्या घरातल्या यंत्रणेला तो चालेल का?

खरेदीच्या आधी मुख्य ब्रेकर बंद करून जुन्या थर्मोस्टॅटचे झाकण काढा आणि वायरी पाहा.

चार-पाच बारीक, वेगवेगळ्या रंगांच्या वायरी अक्षरे लिहिलेल्या टर्मिनलना जोडलेल्या असतील, तर ती बहुधा 24 व्होल्टची यंत्रणा आहे. बाजारातले बहुतेक प्रोग्रामेबल मॉडेल हिच्यासाठीच असतात.

दोन किंवा चार जाड वायरी असतील आणि उपकरणावर 120, 230 किंवा 240 व्होल्ट लिहिले असेल, तर थर्मोस्टॅटमधून थेट मुख्य दाबाची वीज जाते. भिंतीलगतच्या विद्युत हीटरना असे असते. इथे 24 व्होल्टचे मॉडेल लावले तर ते जळते आणि आगीचा धोका असतो. लाइन व्होल्टेजचे मॉडेलच घ्या. त्यावर लिहिलेली अँपिअरची मर्यादा हीटरच्या एकूण भारापेक्षा जास्त हवी: 240 व्होल्टवर 3000 वॉटचा हीटर 12.5 अँपिअर घेतो. हे काम परवानाधारक इलेक्ट्रिशियनचे.

खोली तापवणाऱ्या काही गॅस शेगड्या आणि भिंतीतले हीटर ज्वालेच्या उष्णतेतून तयार होणाऱ्या व्होल्टच्या काही अंशावर चालतात. त्यांना बॅटरीवर चालणारे आणि ‘मिलिव्होल्ट’ असे स्पष्ट लिहिलेले मॉडेल लागते.

स्प्लिट एसीला भिंतीवरच्या थर्मोस्टॅटच्या अशा वायरी नसतात. त्याला उत्पादकाचा स्वतःचा नियंत्रक किंवा रिमोटसारखा इन्फ्रारेड संदेश पाठवणारे उपकरण घ्यावे लागते.

टर्मिनलवरच्या अक्षरांचा अर्थ काय?

आर म्हणजे ट्रान्सफॉर्मरकडून येणारी 24 व्होल्टची वीज. काही ठिकाणी तिचे आरएच आणि आरसी असे दोन भाग असतात, एक गरम करण्यासाठी आणि एक थंड करण्यासाठी. एकच ट्रान्सफॉर्मर असेल तर दोन्ही छोट्या जंपर वायरने जोडलेले असतात. दोन ट्रान्सफॉर्मर असतील तर नव्या उपकरणातला जंपर काढलाच पाहिजे. डब्ल्यू गरम करण्याची, वाय कॉम्प्रेसरची, जी पंख्याची. सी ही परतीची सामाईक वायर. ओ किंवा बी हीट पंपाचा दिशा बदलणारा व्हॉल्व्ह चालवते. डब्ल्यू-2, ऑक्स किंवा ई असे लिहिले असेल तर ती पूरक हीटरची.

वायरच्या रंगावर कधीही विसंबू नका. लाल म्हणजे आर हा प्रघात आहे, नियम नव्हे. आधीच्या माणसाने हाताशी असलेली केबल वापरलेली असू शकते. जुन्या टर्मिनलवरचे अक्षर हेच प्रमाण माना.

सी वायर इतकी महत्त्वाची का?

जुना थर्मोस्टॅट हा केवळ स्विच होता. आरमधून आलेली वीज तो डब्ल्यूकडे सोडायचा, तिथून ती भट्टीतल्या (घरभर गरम हवा पुरवणाऱ्या यंत्रातल्या) रिलेमधून, म्हणजे विजेने चालणाऱ्या स्विचमधून, ट्रान्सफॉर्मरकडे परत जायची. त्याला स्वतःला चालायला वीज लागत नव्हती, म्हणून परतीची वायर भिंतीपर्यंत आणलीच जात नसे. वायफाय आणि उजळ पडदा असलेल्या उपकरणाला मात्र अखंड वीज लागते. सी नसेल तर काही मॉडेल रिलेच्या कॉइलमधूनच थोडा प्रवाह ओढून घेतात. मग रिले टकटक करतो, पंखा मध्येच चालू होतो किंवा कडाक्याच्या थंडीत बॅटरी उतरून पडदा काळा पडतो.

उपाय सोपा ते अवघड या क्रमाने:

पहिला, भिंतीच्या आत दुमडून ठेवलेली न वापरलेली वायर शोधा. अनेकदा ती असते. ती इकडे सी टर्मिनलला आणि भट्टीच्या बोर्डावरही सी लाच जोडा. एकाच टोकाला जोडून दुसरे विसरणे ही नेहमीची चूक.

दुसरा, उत्पादकाचे वायर वाढवणारे किट. ते भट्टीच्या बाजूला बसते आणि चार वायरींवर पाच वायरींचे काम भागवते.

तिसरा, जी वायर सी म्हणून वापरणे. मग नुसता पंखा चालवता येणार नाही. थंड करताना पंखा चालावा म्हणून भट्टीच्या बोर्डावर वाय आणि जी यांत जंपर टाकावा लागतो. विद्युत भट्टी किंवा हीट पंप असेल तर हा मार्ग धरू नका.

चौथा, नवीन केबल ओढणे. ओढायचीच असेल तर 18 गेजची, आठ तारांची ओढा. आज पाच पुरतील, पण उद्या यंत्रणा बदलली की उरलेल्या तीन कामी येतात.

हे काहीच जमत नसेल तर साधे, दोन एए बॅटरींवर चालणारे सात दिवसांच्या वेळापत्रकाचे मॉडेल घ्या. बचतीसाठी वायफाय अनिवार्य नाही.

थर्मोस्टॅट कुठे बसवावा?

जमिनीपासून सुमारे दीड मीटरवर, आतल्या भिंतीवर, जिथे घरातली माणसे जास्त वेळ असतात अशा खोलीत. ऊन थेट पडणारी भिंत, बाहेरच्या दाराजवळची जागा, गरम हवेच्या झरोक्यासमोर, स्वयंपाकघर, टीव्ही किंवा दिव्याच्या वरची जागा टाळा. पडद्यामागे किंवा कपाटाच्या आडोशालाही नको, कारण तिथे हवा खेळत नाही.

जुनी जागाच चुकीची असेल तर नवे उपकरण तिथे बसवून काही साधत नाही. अशा वेळी दूरचा सेन्सर जोडता येणारे मॉडेल घेणे हे भिंत फोडण्यापेक्षा बरे.

बसवण्यासाठी काय काय लागते?

छोटा चपटा आणि चौफुलीचा स्क्रू ड्रायव्हर, वायर सोलण्याचा चिमटा, मल्टिमीटर, स्पिरिट लेव्हल, ड्रिल आणि भिंतीचे प्लग, चिकटपट्टीची लेबले, पेन्सिल आणि थोडी पुट्टी. जुन्या उपकरणामागचा डाग किंवा भोके मोठी असतील तर झाकणपट्टी सोबत आहे का ते पाहून घ्या.

24 व्होल्टच्या यंत्रणेत जोडणी कोणत्या क्रमाने करावी?

1. भट्टीचा आणि एसीच्या बाहेरच्या युनिटचा, दोन्ही ब्रेकर बंद करा. एकच बंद करून भागत नाही, कारण दोन ट्रान्सफॉर्मर असू शकतात.
2. जुने झाकण काढा. मल्टिमीटर एसी (प्रत्यावर्ती प्रवाहाच्या) व्होल्टवर ठेवून आर आणि सी यांच्यात शून्य येते का पाहा. सी नसेल तर आर आणि डब्ल्यू, मग आर आणि वाय यांच्यात पाहा.
3. वायरी सोडवण्याआधी फोटो काढा. जंपरही फोटोत स्पष्ट दिसला पाहिजे.
4. एकेक वायर सोडवा आणि लगेच लेबल लावा. सगळ्या सोडवून मग लेबले लावायला बसू नका.
5. वायरींचा जुडगा पेन्सिलीभोवती गुंडाळा. केबल भिंतीच्या पोकळीत घसरली तर ती बाहेर काढणे फार जिकिरीचे असते.
6. नव्या थर्मोस्टॅटची मागची पट्टी लेव्हलने सरळ धरून खुणा करा, भोके पाडा, प्लग ठोका, स्क्रू बसवा.
7. केबल जिथून येते ते भोक पुट्टीने बुजवा. न बुजवल्यास भिंतीतली थंड किंवा गरम हवा थेट सेन्सरवर येते आणि थर्मोस्टॅट खोलीऐवजी भिंतीची पोकळी मोजत बसतो.
8. प्रत्येक वायरचे टोक 8 ते 10 मिलिमीटर सोला, सरळ करा, टर्मिनलमध्ये घाला आणि हलकेच ओढून पाहा. उघडी तांब्याची तार टर्मिनलबाहेर दिसता कामा नये.
9. दर्शनी भाग बसवा, मग ब्रेकर चालू करा.
10. सेटअपमध्ये यंत्रणेचा प्रकार, टप्प्यांची संख्या आणि इंधन नीट निवडा. विद्युत भट्टीत पंखा थर्मोस्टॅटने चालवायचा असतो, गॅस भट्टी आपला पंखा स्वतः चालवते. विद्युत भट्टीला ‘गॅस’ निवडले तर कॉइल तापते, पंखा थांबलेला राहतो आणि सुरक्षा स्विच सारखा वीज तोडतो.
11. गरम, थंड आणि पंखा तिन्ही तपासा. कॉम्प्रेसर बंद झाल्यावर बहुतेक उपकरणे तो सुमारे पाच मिनिटे पुन्हा चालू करत नाहीत. हा बिघाड नाही, कॉम्प्रेसरचे संरक्षण आहे. बाहेर फार थंडी असेल तर एसीची चाचणी पुढे ढकला.

जोडणी झाली, पण पडदा काळाच आहे. काय तपासावे?

सर्वांत आधी भट्टीचा दरवाजा. तो पूर्ण बसला नाही की आतला सुरक्षा स्विच वीज तोडतो. दरवाजा ठीक असेल तर बोर्डावरचा फ्यूज पाहा. तो गाडीत असतो तसा पात्याचा, 3 किंवा 5 अँपिअरचा असतो. 3 चा जांभळा, 5 चा बदामी. वीज चालू असताना आर वायर सी ला क्षणभर जरी टेकली तरी तो जातो. जास्त अँपिअरचा फ्यूज घालून काम भागवू नका, पुढच्या वेळी ट्रान्सफॉर्मर जळेल. ज्या जुन्या बोर्डावर फ्यूजच नाही, तिथे पहिल्याच शॉर्टला ट्रान्सफॉर्मर जातो. आर आणि सी यांच्यात 24 ते 28 व्होल्ट मिळायला हवेत.

उन्हाळ्यात, काहीही हात न लावता पडदा अचानक काळा पडला, तर एसीच्या निचरा नळीकडे पाहा. ती तुंबली की तबकातले पाणी चढते आणि तरंगता स्विच वीज तोडतो. थर्मोस्टॅट बदलण्याआधी ती नळी साफ करा.

थंड लावले की गरम हवा येते, असे का?

हीट पंपात ओ आणि बी ची निवड उलटी झाली आहे. काही उत्पादक थंड करताना व्हॉल्व्हला वीज देतात, तो ओ प्रकार. काही गरम करताना देतात, तो बी प्रकार. सेटअपमध्ये निवड बदला, वायर हलवायची गरज नाही.

वेळापत्रक कसे ठरवावे?

आधी घराची चाल समजून घ्या. थंडीच्या दिवशी हीटर बंद करून घर एक-दोन अंशांनी उतरायला किती वेळ लागतो आणि चालू केल्यावर 3-4 अंश चढायला किती लागतो, हे घड्याळ लावून पाहा. याच दोन आकड्यांवर वेळापत्रक उभे राहते.

समजा उठण्याची वेळ साडेसहा, बाहेर पडण्याची साडेआठ, परतण्याची सहा आणि झोपण्याची साडेदहा आहे, आणि घर तापायला अर्धा तास लागतो. थंडीत सकाळी 6 ला 20 अंश, 8 ला 16, संध्याकाळी 5:30 ला पुन्हा 20, रात्री 10 ला 17. घराबाहेर पडण्याच्या अर्धा तास आधीच तापमान उतरवले आहे, कारण भिंतींमधली उष्णता तेवढा वेळ सहज पुरते. उन्हाळ्यात याच टप्प्यांवर 25, 28, 25 आणि 26 पासून सुरुवात करा.

अनेक मॉडेलमध्ये अनुकूली पूर्वतयारीची सोय असते. ती चालू असेल तर थर्मोस्टॅट किती आधी सुरू व्हायचे ते स्वतः शिकतो. मग वेळापत्रकात 6 नव्हे, 6:30 लिहायचे, म्हणजे जेव्हा ऊब हवी ती वेळ. हे न कळल्याने घरे पहाटे पाचलाच तापू लागतात.

घरातल्यांचे दिवस सारखे असतील तर पाच अधिक दोन दिवसांचे वेळापत्रक पुरते. पाळ्या बदलत असतील तर सात दिवसांचे वेगवेगळे लागते. घरात कायम कोणीतरी असेल तर फक्त रात्रीचा टप्पा ठेवा. रात्रीचे आठ तासही थोडे नाहीत.

किती खाली उतरवणे सुरक्षित आहे?

जागतिक आरोग्य संघटनेने 2018 च्या मार्गदर्शक सूचनांमध्ये थंडीत घरातले तापमान किमान 18 अंश असावे असे म्हटले आहे, आणि वृद्ध, लहान मुले, आजारी माणसे यांना त्याहून थोडे जास्त लागू शकते. अशी माणसे घरात असताना 16-17 चा हट्ट धरू नका. त्यांच्या झोपण्याचा टप्पा 18 च्या वर ठेवा. रिकाम्या घरात खालची मर्यादा पाण्याच्या नळ्यांनी ठरते. गोठणबिंदूच्या खाली जाणाऱ्या हवेत 13 अंशांच्या खाली उतरू नका, कारण बाहेरच्या भिंतीतल्या नळ्या खोलीपेक्षा बऱ्याच थंड असतात.

हीट पंप आणि जमिनीखालच्या हीटिंगला हेच नियम लागू होतात का?

नाही. हीट पंपाला सकाळी 4 अंशांची उडी मारायला लावली की थर्मोस्टॅट विद्युत कॉइलचा पूरक हीटर चालू करतो. हीट पंप एका युनिट विजेत साधारण दोन ते तीन युनिट उष्णता आणतो, कॉइल एकास एकच देते. रात्रभर वाचवलेले सकाळच्या तासाभरात निघून जाऊ शकते. म्हणून उतरण 1 ते 2 अंशांचीच ठेवा, हीट पंपासाठीचे मॉडेल घ्या आणि बाहेर ठरावीक तापमानाच्या वर पूरक हीटर चालूच होणार नाही, अशी सेटिंग करून घ्या.

जमिनीखालच्या हीटिंगमध्ये लादी आणि काँक्रीट तापायलाच काही तास जातात. तिथे दिवसातून चार टप्पे निरर्थक आहेत. एक छोटी रात्रीची उतरण, तीही बरीच आधी सुरू आणि बरीच आधी बंद, एवढेच करा.

‘होल्ड’ कधी वापरावा?

होल्ड दोन प्रकारचा असतो. तात्पुरता बदल पुढच्या टप्प्यापर्यंतच टिकतो. पाहुणे आले, कोणी आजारी आहे, तर तोच वापरा. कायमचा होल्ड वेळापत्रक बाजूला सारतो आणि तुम्ही रद्द करेपर्यंत तसाच राहतो. एकाच टप्प्यात आठवडाभर रोज तात्पुरता बदल करावा लागत असेल, तर वेळापत्रकातला तो आकडा चुकला आहे. तो कायमचा दुरुस्त करा. लांबच्या प्रवासासाठी परतीच्या तारखेसह सुट्टीची सोय वापरा.

पंखा ‘ऑटो’वर ठेवावा की ‘ऑन’वर?

ऑटोवर. दमट हवेत पंखा सतत चालला तर एसी थांबल्यावर कॉइलवरचे पाणी पुन्हा हवेत मिसळते आणि घर चिकट वाटते, मग माणूस तापमान आणखी खाली आणतो.

यंत्रणा सारखी चालू-बंद होते. थर्मोस्टॅटचा दोष आहे का?

बऱ्याचदा ताशी आवर्तनांची, म्हणजे तासाला यंत्रणा किती वेळा चालू व्हावी याची, सेटिंग चुकलेली असते. साधारणपणे वाफेच्या बॉयलरला ताशी 1, गरम पाण्याच्या बॉयलरला आणि उच्च कार्यक्षमतेच्या भट्टीला 3, साध्या गॅस भट्टीला 5, विद्युत भट्टीला 9, कॉम्प्रेसरला 3. सेटिंग बरोबर असूनही त्रास असेल तर हवेचा फिल्टर पाहा. तो तुंबला की भट्टी जास्त तापून स्वतःच बंद पडते आणि दोष थर्मोस्टॅटच्या माथी येतो.

रेडिएटरवर तापमानाचे व्हॉल्व्ह आहेत, तरी थर्मोस्टॅट हवा का?

हवा. व्हॉल्व्ह त्या-त्या खोलीचे पाणी रोखतात, बॉयलर बंद करत नाहीत. पण ज्या खोलीत थर्मोस्टॅट आहे तिथल्या रेडिएटरचा व्हॉल्व्ह पूर्ण उघडा ठेवा. नाहीतर तो आधी बंद होतो, थर्मोस्टॅटचे तापमान कधीच गाठले जात नाही आणि बॉयलर चालतच राहतो.

बॅटरी कधी बदलावी?

वर्षातून एकदा, थंडी सुरू होण्याआधी, अल्कलाइन बॅटरी घाला. रिचार्जेबल बॅटरीचा दाब 1.2 व्होल्ट असल्याने कमी चार्जची सूचना लवकर येते. बदलल्यावर घड्याळ आणि सकाळ-संध्याकाळची खूण तपासा. बारा तासांनी उलटे झालेले वेळापत्रक रिकामे घर तापवते.

बचत झाली की नाही, हे कसे कळेल?

नुसती दोन बिले शेजारी ठेवू नका, दोन हिवाळे सारखे नसतात. अंश-दिवस काढा: 18 मधून त्या दिवसाचे बाहेरचे सरासरी तापमान वजा करा. सरासरी 8 असेल तर 10 अंश-दिवस. महिन्याची बेरीज करून इंधनाचा खप तिने भागा. हा भागाकार आधीपेक्षा कमी आला तर बचत खरी. कित्येक थर्मोस्टॅट यंत्रणा चाललेले तास नोंदवतात, तेही याच रीतीने पडताळता येतात.

जुना थर्मोस्टॅट टाकून द्यावा का?

काचेच्या छोट्या नळीत चांदीसारखा थेंब हलताना दिसला तर तो पारा आहे. असे उपकरण फोडू नका, रोजच्या कचऱ्यात टाकू नका. नळी न काढता संपूर्ण उपकरण जाड डब्यात बंद करून घातक कचरा स्वीकारणाऱ्या केंद्रात द्या. नळी फुटलीच तर खिडक्या उघडा, मुलांना खोलीबाहेर काढा आणि झाडू किंवा व्हॅक्यूम क्लीनर लावू नका, त्याने पाऱ्याची वाफ पसरते. थेंब कडक पुठ्ठ्याने एकत्र करून, उरलेले चिकटपट्टीने उचलून झाकणबंद बरणीत ठेवा आणि ती बरणीही त्याच केंद्रात द्या.